न कापलेली हेल्मेटं

धाकटीच्या कामाच्या जागी एक धातूचं डोकं होतं. नाक-डोळे जेमतेम, गळ्याखाली काहीच नाही, आणि आत धक्का मोजणारं एक नाजूक यंत्र. रोज सकाळी ते पेटीतून अलगद काढायचं, मऊ फडक्याने पुसायचं, त्याला सायकलचं नवंकोरं हेल्मेट घालून हनुवटीखालचा पट्टा नीट आवळायचा, उंच खांबावर नेऊन बसवायचं आणि खालच्या ऐरणीवर सोडून द्यायचं. आधी एवढी बडदास्त आणि मग अशी आदळआपट, म्हणून प्रयोगशाळेत सगळे त्याला जावईबापू म्हणत.

"जावईबापू वर गेले का?"

"गेले. बाजूला व्हा."

मग धाडकन आवाज आणि पडद्यावर एक टोकदार रेघ. रेघ ठरलेल्या उंचीच्या आत राहिली की हेल्मेट पास.

आपटलेलं हेल्मेट बाहेरून बघितलं तर काही झालंय असं वाटत नाही. कवच पातळ आणि लवचीक असतं, ते दबतं आणि परत जागेवर येतं. मार खातो तो आतला फोम. डोक्यावर यायचा दणका तो स्वतः चेचला जाऊन गिळतो, आणि हे त्याला एकदाच जमतं. चेचलेल्या जागी तो घट्ट होऊन बसतो. पुढच्या वेळी गिळायला त्याच्यात काही उरत नाही. म्हणून प्रयोगशाळेत नियम होता की आपटलेलं प्रत्येक हेल्मेट करवतीवर धरून या कानापासून त्या कानापर्यंत उभं कापायचं, मगच कचऱ्यात टाकायचं. कापल्यावर फोमची जाडी कुठे मोजायची ते कळावं म्हणून जिथे दणका बसला तिथे आतून आणि बाहेरून जांभळ्या पेनाने खूण करायची. धाकटीची खूण ठरलेली होती, छोटं वर्तुळ आणि मध्ये ठिपका.

खरं तर तिला खूणही लागत नसे. अंगठा दाबला की कळायचं. इतकी वर्षं हे काम केल्यावर आपटलेलं हेल्मेट तिच्या लेखी मेलेलंच असे, आणि मेलेली वस्तू कुणी जिवंत समजून वापरेल हे तिच्या मनातही येत नसे. घोटाळा झाला तो इथेच.

गेल्या हिवाळ्यात करवतीचं पातं तुटलं. नवीन येता येईना. नेमकी तेव्हाच लहान मुलांच्या मापाची एक मोठी खेप आपटून झाली होती. कपाट भरलं, कपाटावर रास झाली, शेवटी एक भलंमोठं पोतं भरून दाराशी ठेवलं. येणारा-जाणारा त्याला अडखळून शिव्या घालायचा.

एका संध्याकाळी दादा तिला न्यायला आला होता. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. त्याचं सायकलचं दुकान होतं. पुढे काचेमागे नव्या चकचकीत सायकली आणि मागे तेलकट फरशीवर उघड्या पडलेल्या जुन्या. धाकटीचा नवरा जहाजावर, वर्षातले निम्मे महिने पाण्यावर. त्यामुळे नळ गळला, दिवे गेले, भिंगरीला ताप आला की फोन दादालाच. भिंगरी म्हणजे धाकटीची मुलगी. एका जागी ठरत नसे, म्हणून भिंगरी.

"हे पोतं मला दे," दादा म्हणाला. "दुकानात बोर्ड लावतो. 'हेल्मेटची परीक्षा अशी होते.' शाळेच्या पोरांना दाखवायला बरं."

"कापलेलं नाहीये अजून."

"कापलेलं कशाला? अर्धं टरबूज भिंतीवर टांगल्यासारखं दिसेल. बोर्डाला लागतील तेवढी ठेवतो, बाकीची मी कापून टाकतो. माझ्याकडे करवत नाही का?"

"नक्की काप हं."

"अगं कापतो की! सही करून देऊ?"

तिने सही घेतली नाही. दादाची सही काय घ्यायची? तिला सायकल शिकवली ती दादानेच. इतरांच्या घरी शिकवणारा मागून गुपचूप हात सोडतो, दादा सोडेच ना. गल्लीच्या टोकापर्यंत सीट धरून धापा टाकत पळायचा. "सोड की रे, मला येतंय!" ती ओरडायची. "येत असेल, पण पडलीस तर आई मला सोलून काढेल!" धाकटी सायकल चालवायला सगळ्यांत उशिरा शिकली, पण एकदाही गुडघा न फोडता शिकली.

बोर्ड खरंच लागला. तीन हेल्मेटं, खाली मोठ्या अक्षरांत मजकूर. तो बघून तिला बरं वाटलं. बाकीच्यांचं काय झालं हे तिने विचारलं नाही.

त्यानंतर एका रविवारी दादा तिच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली डोकं घालून नळाचं वायसर बदलत होता. तिथूनच त्याने विचारलं, "खरं सांग हं शास्त्रज्ञबाई, हेल्मेटने सायकल चालवणं सुरक्षित होतं का गं? की नुसती आम्हा दुकानदारांची चैन?"

दुसरं कुणी असतं तर तिने 'हो' म्हणून विषय मिटवला असता. दादा होता, म्हणून नीट उत्तर दिलं.

"हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तू पडलास आणि डोकं आपटलं, तर हेल्मेट असलेलं फार बरं. त्यात मला शंका नाही. पण सगळ्यांना हेल्मेट घातलं म्हणजे रस्ता सुरक्षित होतो का, ते तितकंसं स्वच्छ नाही. सक्ती केली की काही जण सायकलच सोडतात. रस्त्यावर सायकली कमी दिसल्या की मोटारवाल्यांची त्यांना सांभाळायची सवय जाते. कुणी हेल्मेट आहे म्हणून जास्त धीट होतं, कुणी होत नाही. अभ्यास उलटसुलट निघालेत. शिवाय आम्ही आपटतो सरळ खाली, माणूस पडतो तिरका, घसरत. तेव्हा किती फायदा होतो ते नक्की सांगता येत नाही."

"म्हणजे नक्की नाही."

"किती, ते नक्की नाही."

"तेच ते. पाना दे."

"तेच नाही रे," ती म्हणाली, पण तेवढ्यात नळातून पाण्याची चिळकांडी उडाली, दादा ओरडला, भिंगरी टाळ्या पिटत आली आणि बोलणं तिथेच राहिलं.

पुढे शाळेने नियम काढला की हेल्मेट नसेल त्याला सायकल-स्टँडवर जागा नाही. आठवडाभर दादाच्या दुकानासमोर आईबापांची रीघ लागली. धाकटीला भिंगरीसाठी स्वतः बघून घ्यायचं होतं, पण कामातून सवड होईना. एक दिवस भिंगरीच शाळेतून परस्पर मामाकडे गेली आणि डोक्यावर निळंभोर हेल्मेट घालून आली. "मामाने दिलं! निळं एकच होतं, मी पटकावलं!" धाकटीने पट्टा तपासला, माप बघितलं. दोन्ही बरोबर. अंगठा मात्र लावला नाही. मामाने दिलेल्या वस्तूला कशाला लावायचा?

भिंगरी ते जेवतानाही काढायला तयार नसायची. महिन्याभरात आतल्या मऊ गाद्यांना घामाचा असा वास यायला लागला की धाकटीने शनिवारी दुपारी हेल्मेट उलटं करून बेसिनमध्ये घेतलं. या गाद्या वेल्क्रोने बसवलेल्या असतात, ओढली की सुटते. कपाळावरची सुटली. मागची सुटली. कानावरची मात्र सुटेना. तिने नख घालून बघितलं. डिंकासारखं काहीतरी लावून घट्ट बसवली होती.

तिने जोर लावला. गादी फाटून हातात आली. खाली फोम गुळगुळीत, दबलेला, आणि त्यावर जांभळं वर्तुळ. मध्ये ठिपका.

नळ चालूच होता. तिने तो बंद केला. दुसऱ्या कानावरची गादी उपटली. तिथेही तेच. मग तिने अंगठा लावला, आणि अंगठ्याने जे सांगायचं ते सांगितलं. हे हेल्मेट तिनेच जावईबापूंना घातलं होतं. हनुवटीखाली पट्टा आवळून, वर नेऊन, स्वतःच्या हाताने सोडलं होतं. आणि गेला महिनाभर ते घालून तिची मुलगी रोज मोठ्या रस्त्याने, ट्रकच्या कडेकडेने शाळेत जात होती.

तिने हेल्मेट तसंच पिशवीत घातलं आणि ती घराबाहेर पडली. कुणीतरी दादाला फसवलं असेल, असं तिला आधी वाटलं. दुकानात येणाऱ्या एखाद्या पोऱ्याने पोतं उचललं असेल, विकलं असेल, दादाला पत्ताच नसेल. दुकानापर्यंतच्या रस्त्यात तिने दादाच्या बाजूने अशा बऱ्याच गोष्टी रचल्या.

दादा दुकानात एकटाच होता. एका डुगडुगणाऱ्या चाकाचा आऊट काढत बसला होता, एकेक तार पिळत.

"आलीस? त्या स्टुलावर बसू नको, त्याच्या एका पायाने राजीनामा दिलाय."

तिने निळं हेल्मेट काउंटरवर उलटं ठेवलं.

"पट्टा तुटला?" चाक फिरवत दादाने विचारलं.

"या गाद्या कुणी चिकटवल्या?"

"असतील कंपनीच्या."

"कंपनीच्या गादीखाली माझी खूण कशी असेल?"

चाक फिरत होतं. दादाने ते थांबवलं नाही. हळूहळू आपोआपच थांबलं.

"आधी ऐकून तर घे."

"बाकीची कुठे आहेत?"

"अगं, दारात लोक उभे होते. शाळेने एकदम फर्मान काढलं, कंपनीकडे माल नाही, पोरांना स्टँडवर उभं करत नव्हते. आणि माझ्याकडे पोतं पडलेलं. एक ओरखडा नाही त्यांच्यावर! स्वच्छ पुसली, दिली."

"सगळी?"

"बोर्डावरची सोडून."

"बाहेरच्या खुणा कशाने पुसल्यास?"

"हे काय आता? थिनरने."

"आणि आतल्या?"

दादा पुन्हा चाकाच्या तारेकडे वळला.

"फोम म्हणजे थर्मोकोलच, थिनर लागला की विरघळतो," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. प्रयोगशाळेत रेघ वाचून दाखवताना असायचा तसाच होता. "म्हणून आतल्या पुसता आल्या नाहीत. म्हणून तू एकेक खूण शोधून तिच्यावर गादी बसवलीस. म्हणजे खुणा कशाच्या आहेत ते तुला माहीत होतं."

"तूच म्हणाली होतीस!" दादा उसळला. "तुझ्याच ओट्याखाली मी भिजत होतो तेव्हा. हेल्मेटचं नक्की काही नाही, अभ्यास उलटसुलट आहेत. तुझ्यासारख्या शिकलेल्या बाईला नक्की माहीत नाही, तर मला कुठून असणार? मी म्हटलं, घाला डोक्यावर. शाळा खूश, आईबाप खूश, पोरं खूश. बिघडलं काय?"

धाकटीने हेल्मेट स्वतःकडे ओढलं. ती शंका तिने कुठल्या सभेत सांगितली नव्हती, पालकांना सांगितली नव्हती. अर्धवट कानावर पडली तर माणसं तिचं वाट्टेल ते करतात, हे तिला ठाऊक होतं. ती फक्त दादाजवळ बोलली होती. आणि त्याने ती जपून ठेवली होती, आज तिच्याच तोंडावर मारायला.

"मी रस्त्याबद्दल बोलत होते," ती म्हणाली. "फोमबद्दल मी तुझ्याजवळ कधी शंका काढली?"

"मला काय कळतंय त्यातलं! मला वाटलं, सगळं एकच."

हे मात्र तिला खरं वाटावंसं वाटलं. न कळल्यामुळे झालेली चूक निस्तरता येते. ती स्वतःही चुकलीच होती, पोतं दारातून बाहेर काढून दिलं होतं. दोघांनी मिळून शाळेत जाता आलं असतं. 'चुकलो, हेल्मेटं परत द्या,' असं सांगता आलं असतं. ती तसं बोलणारही होती.

तेवढ्यात घंटी वाजवत दादाची मुलगी सायकल थेट दुकानात घेऊन आली. भिंगरीहून थोडी मोठी. पोटात काही राहत नसे, म्हणून घरात तिला पोपट म्हणत.

"आत्या! भिंगरी आली नाही?" तिने लाल हेल्मेट काढून काउंटरवर टाकलं. निळ्याच्या शेजारी.

धाकटीने ते उचललं. कपाळावरची गादी ओढली, सुटली. कानांवरच्या ओढल्या, सुटल्या. अंगठा फिरवला. कोरा फोम. आत कंपनीचं लेबल, याच वर्षाचं.

"छान आहे गं. कुठलं?"

"खोक्यातलं! बाबांनी माझ्यासाठी मुद्दाम मागवलं. मला खरं तर पोत्यातलं ते निळं पाहिजे होतं, तर बाबा केवढे ओरडले! त्याला हात नाही लावायचा, म्हणे." तिची नजर काउंटरवर गेली. "अय्या, हेच की. भिंगरीला दिलंत होय ते?"

"पोपटराव, आत जा," दादा म्हणाला.

"पण मला..."

"आत जा म्हटलं ना!"

ती गेली. धाकटीने लाल हेल्मेटच्या गाद्या होत्या तशा जागेवर बसवल्या. हाताला काहीतरी काम हवं होतं.

"बदलणार होतो," दादा खाली बघत म्हणाला. "देवाशपथ बदलणार होतो. भिंगरी आली तेव्हा दुकान भरलेलं होतं. सगळ्यांसमोर तिने ते डोक्यावर चढवलं आणि नाचायला लागली. आता तिला काढ म्हटलं असतं, तर चार जणांनी विचारलं असतं, का हो, त्यात काय वाईट आहे? मी काय सांगणार होतो?"

"आणि नंतर?"

"नंतर राहून गेलं."

"रोज शाळेत जाते ती."

"पडली नाही ना?"

धाकटीने त्याच्याकडे बघितलं. सीट धरून गल्लीच्या टोकापर्यंत पळणारा माणूस तिने त्या चेहऱ्यात शोधला. चेहरा तोच होता. तोच तर त्रास होता.

तिने पर्समधून फोन काढला.

"कुणाला लावतेस?"

"आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमना. मग शाळेच्या बाईंना."

दादाने चटकन फोनवर हात ठेवला. "डोकं ठिकाणावर आहे का? पोतं तू दिलंस मला. नियम तू मोडलास. तुझी नोकरी जाईल!"

"माहीत आहे."

"माझ्या दुकानाला कुलूप लागेल. तुझ्या वहिनीला मी काय सांगू? आपण असं करू, गुपचूप एकेक करून बदलून टाकू. घरातल्या घरात."

तिने हात झटकला नाही. त्याने तो आपणहून काढेपर्यंत ती नुसती बघत राहिली. मग तिने नंबर लावला.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत. तेच जास्त वाईट वाटलं. "जे झालं ते लिहून पाठवा," त्या म्हणाल्या. "आणि चौकशी होईपर्यंत प्रयोगशाळेत येऊ नका." शाळेच्या बाईंनी मात्र दोनदा विचारलं, "म्हणजे तुमच्या सख्ख्या भावाच्या दुकानातली?" धाकटी दोनदा 'हो' म्हणाली.

घरी येऊन तिने माळ्यावरची हातकरवत काढली आणि निळं हेल्मेट जुन्या पाटावर धरलं. घरच्या करवतीने काही ते पटकन कापलं जाईना. कवच किंचाळल्यासारखा आवाज करत होतं आणि फोमचे पांढरे कण फरशीभर उडत होते. भिंगरी धावत आली आणि दारातच थबकली.

"आई! ते माझं आहे!"

"बाई गं, हे आतून फुटलंय."

"मामाने दिलंय ते!" भिंगरी रडायला लागली.

दोन अर्धी वेगळी झाली. धाकटीने एक तिच्या हातात दिलं आणि कापलेली कड दाखवली. वर जाड, मऊ दाण्यांचा फोम. कानापाशी दबून पातळ झालेला, एकजीव. भिंगरीने दोन्हीकडे बोट दाबून बघितलं. मग परत एकदा. रडायची थांबली. तिने दोन्ही अर्धी एकमेकांना लावून धरली.

"बाहेरून तर कळतच नाही."

"नाही कळत."

"मामाला कळलं होतं?"

या प्रश्नाला सोपी उत्तरं बरीच होती. नक्की सांगता येत नाही, हेही त्यातलंच एक.

"हो," धाकटी म्हणाली. "मामाला माहीत होतं."

भिंगरीने मान खाली घातली आणि दोन्ही अर्धी पाटावर ठेवून दिली. त्या संध्याकाळी ती एका जागी बसून राहिली.

सोमवारी सकाळी धाकटी शाळेच्या सायकल-स्टँडपाशी उभी होती. बाईंनी पालकांना निरोप दिला होता. मुलं रांगेने येत, हेल्मेट काढून तिच्या हातात देत. ती गादी ओढायची, अंगठा दाबायची. चांगलं असेल तर परत डोक्यावर, नसेल तर बाजूच्या खोक्यात. पालक कडेला उभे राहून आपसांत बोलत होते आणि त्यांना ऐकू जाऊ द्यायचं नव्हतं असं काही दिसत नव्हतं. "बहीण-भावांचाच धंदा असणार," एक जण म्हणाला. "आता पकडलं गेल्यावर आलीय मिरवायला." धाकटीने वर बघितलं नाही. पुढचं हेल्मेट घेतलं. त्यातही तिचंच वर्तुळ होतं.

खोकं भरत आलं तेव्हा दादाची गाडी फाटकाशी थांबली. वहिनी पुढे बसली होती, तिचे डोळे सुजलेले. ती उतरली नाही. दादाने मागून बंद खोकी काढली आणि एकावर एक रचून स्टँडपाशी आणून ठेवली. सगळी कंपनीच्या पट्टीने सीलबंद. मग एक खोकं वेगळं काढून तिच्यापुढे धरलं.

"हे भिंगरीला. निळंच आहे. शोधून आणलं."

भिंगरी आईच्या मागे उभी होती. ती पुढे आली नाही.

धाकटीने खोकं घेतलं. पट्टी फाडली, हेल्मेट बाहेर काढून उलटं केलं. कपाळावरची गादी ओढून काढली आणि खाली अंगठा दाबला. मग मागची.

"नवीन आहे गं ते," दादा हळूच म्हणाला. "सीलबंद होतं. तूच फोडलंस."

तिने डाव्या कानावरची गादी काढली.

"धाकटे, माझ्यावर एवढाही..."

तिने उजवीकडची काढली, वाकून आत बघितलं, कडेपासून कडेपर्यंत सावकाश अंगठा फिरवला. दादा तसाच उभा होता, रिकामे हात पुढे धरून, सायकलच्या सीटमागे धरावेत तसे. तिने सगळ्या गाद्या पुन्हा जागच्या जागी बसवल्या आणि ती भिंगरीकडे वळली.

"नवीन आहे," तिने भिंगरीला सांगितलं. "घाल."

मग रांगेतल्या पुढच्या मुलीपुढे तिने हात केला.